भुऱ्यानं राखलेलं कोकरू

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली न्हावऱ्याच्या माळावर कोल्ह्यांनी उच्छाद मांडला होता. कुशाबाईच्या मेंढवाड्यातलं एक कोकरू आजारानं मेलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, गेणबानं, ते पोपटला आमिष म्हणून देऊन टाकलं. हा पोपट कोल्हे धरायचा आणि कातडी दौंडच्या एका व्यापाऱ्याला विकायचा. अट एकच होती. सापळा ओढ्यापलीकडं लावायचा आणि मेंढरं सुटायच्या आत उचलायचा.

आणि लेकाच्यानं लावला कुठं, तर मेंढवाड्याच्या कुंपणाखाली! ओढ्यापर्यंत चालायचं कुणी? सकाळी सापळ्यात कोल्हा नव्हता, कुशाबाईचा कुत्रा भुऱ्या होता. पुढचा पाय लोखंडी दातांत, तोंडाला फेस. पोपट उन्हं वर आल्यावर डोळे चोळत उगवला आणि वर तोंड करून म्हणाला, "आबा, तुमचं कुत्रं कोकरू खायाला आलं व्हतं."

गेणबाचा चेहरा उतरला. मेंढराच्या मांसाला चटावलेलं कुत्रं धनगर कळपात ठेवत नाही. तो कुऱ्हाड घेऊन आला.

कुशाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यानं लांडग्याच्या तोंडातून मेंढरं सोडवली, त्याला या आळशाच्या शब्दावर मारायचं? तिनं सापळ्याशेजारी बांधलेलं कोकरू उलटंपालटं करून पाहिलं. कुठं दातसुद्धा लागला नव्हता. भोवतीच्या मातीत कोल्ह्यांची पावलं होती, जवळ येऊन माघारी फिरलेली.

"अवं, हिकडं बगा!" ती नवऱ्यावर ओरडली. "खायाला न्हाई, राखायला आलाय त्यो! पाय मोडून घेतला, पर कोल्ह्याला शिवू दिलं न्हाई!"

सापळा उघडताना चावू नये म्हणून पोपटनं भुऱ्याच्या तोंडावर पोतं टाकलं. भुऱ्यानं ते फाडून काढलं. कळा सोसणारं जनावर धन्यालाही चावतं. कुशाबाईनं गेणबाच्या खांद्यावरचं घोंगडं ओढलं आणि भुऱ्याच्या डोक्यावर घातलं. ओळखीच्या वासानं तो थरथरत गप्प पडला.

"आता दाब," ती पोपटवर कडाडली. "दोन्ही पाय देऊन दाब त्या पट्ट्या!"

पट्ट्या दबल्या तसे सापळ्याचे दात उघडले. भुऱ्या तीन पायांवर उठला, पण घराकडं गेला नाही. लंगडत कोकराला टेकून बसला आणि पोपटकडं बघून गुरगुरला.

गेणबाच्या हातातली कुऱ्हाड खाली पडली. कुशाबाईनं खोरं आणून पोपटच्या पुढ्यात फेकलं.

"खड्डा खण. कोकरू पुरल्याबिगर त्यो हितनं उठायचा न्हाई. आन् तवर तुलाबी हलू द्यायची न्हाई मी."