आईच्या कपाळावरची जुनी ओळ

माझी आई रोज सकाळी तिच्या कपाळावर उमटणाऱ्या यादीतून उठते. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं येतात, वरची ओळ मी बोटानं दाबते आणि ती डोळे उघडते. एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या बूट लोडरची मी मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारी, झाले, तेव्हापासून हे असं आहे. बूट लोडर म्हणजे संगणकात सगळ्यांच्या आधी जागा होऊन बाकीच्यांना उठवणारा छोटा प्रोग्राम.

यादीत एकच ओळ होती, माझ्या नावाची: शलाका. आईला उठायला अकरा सेकंद लागत. मी रोज घड्याळाकडे बघत मोजत असे.

मार्चमध्ये प्रकल्पानं साताऱ्याची मृण्मयी खांबेटे माझ्या जोडीला दिली. तीन आठवड्यांनी एका सकाळी माझ्या ओळीच्या वर तिचं नाव होतं. मी खोलीत पोचेपर्यंत, ओळ कुणी न दाबताच, आई उठून चहा गाळत होती.

"दोन सेकंदांत उठले गं," ती म्हणाली. "किती अलगद उठवते ती मुलगी. तू आपली दणकन."

"मी काय ढोल वाजवते का?"

"चिडली लगेच! तिला एकदा जेवायला बोलाव. पुरणपोळ्या करते."

पुरण वाटणं आता होत नाही, असं ती मला तीन वर्षं सांगत होती.

मी मृण्मयीला फोन लावला. "काय बदललंस?"

"विशेष काही नाही गं. काकू उठताना आधी तुला शोधायच्या. सापडलीस की मगच डोळे उघडायच्या. नऊ सेकंद त्यातच जायचे. तेवढं काढलं."

"कुणाला विचारून?"

"पॅच पाठवला होता की, काय बदललं ते सगळं त्यात होतं. पंधरा दिवस तू उघडलाच नाहीस."

ते खरं होतं.

आमच्या कामात एक रीत आहे. दुसरी ओळ उठवते की नाही, हे पाहिल्याशिवाय चालती ओळ काढायची नाही. नवीन लोकांना हे मीच लिहून कळवते.

बुधवारी मी आईच्या पलंगाशी आधीच बसून राहिले. पट्टी उमटताच मृण्मयीचं नाव अंगठ्यानं पुसलं आणि माझं दाबलं.

या वेळी मी घड्याळाकडे नाही, कपाळाकडे पाहत होते. अक्षरं आली. शलाकाला शोधत आहे. उंची तीन फूट चार इंच. बालवाडीत असताना मी तेवढी होते.

"आई, मी इथे आहे."

स्वयंपाकघर: नाही. गॅलरी: नाही. पलंगाजवळ: नाही.

अकरा सेकंद झाले. मग चाळीस. मी गुडघ्यांवर बसले. तरीही मी सात इंच जास्त उंच होते. मान खाली घातली, तेव्हा आईचा हात चादरीतून बाहेर आला, माझ्या केसांना घासून पुढे गेला आणि माझ्या शेजारी हवेत थांबला.

सापडली, असं उमटलं.

आईनं डोळे उघडले. त्या रिकाम्या जागेकडे पाहून ती इतकी हसली, की मी सरकून जागा करून दिली.

"ये, वेणी घालून देते," आई म्हणाली, आणि तिची बोटं हवेचे तीन पेड करू लागली.