तळव्यांनी नेलेला दगड

पायऱ्या तुम्ही गिळल्यात. एखादी खिडकी नव्हे, भिंतीवरचं घड्याळ नव्हे, अख्ख्या सतरा दगडी पायऱ्या. आणि वर ढेकरही दिला नाहीत. कोणी विचारलं की तुमचं बोट गोदामाकडे, गोदामात विचारलं की त्यांचं बोट कागदाकडे. तो कागद तुमच्या खात्याच्या साहेबानं आज भुकटीच्या पुढ्यात सहीसाठी सरकवला. 

भुकटी म्हणजे शिल्पकार. केसांत, बाहीवर, चहाच्या कपात कायम प्लॅस्टरची धूळ, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं, आणि तिनंही ते निमूटपणे लावून घेतलं. जुन्या वाचनालयाचा जिना दुरुस्तीसाठी उचलून सरकारी गोदामात नेणार असं कळल्यावर ती परवानगीसाठी दहा हेलपाटे घालून आली आणि शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येक पायरीच्या खळग्यात प्लॅस्टर ओतलं. शंभर वर्षं माणसं चढली, उतरली, दगड झिजला. जेवढा झिजला तेवढा तिनं ओतून काढला. वरून सपाट, खालून पोट सुटल्यासारखे, असे सतरा ठसे. जिना परत बसला की त्याच्यावर वीतभर उंचीवर ते तारांनी टांगायचे, हे तिचं शिल्प. लोकांनी आपल्या तळव्यांना लावून घरोघर नेलेला दगड एकदा तरी डोळ्यांसमोर यावा, एवढंच तिचं म्हणणं.

त्या दगडातला थोडा तिच्या घरीही आला होता. आई त्याच वाचनालयात तीस वर्षं शिपाई. एक पाय लहानपणापासून अधू, म्हणून डावा हात कठड्यावर आणि उजव्या हातात लोखंडी टोकाची काठी. काठी रोज जिथं टेकायची तिथं दगडाला बारीक खड्डे पडले होते. ठशांवर ते उलटे उठले, चण्याएवढे. घरी आई त्यांच्यावरून बोट फिरवायची आणि दर दोन दिवसांनी विचारायची, बसतील ना गं नीट?

जिना परत बसवून झाला होता, उद्घाटन उद्यावर आलं होतं. आज दुपारी साहेबानं भुकटीला वाचनालयात बोलावलं, आईही हट्टानं सोबत आली. कागदावर लिहिलं होतं की बसवलेल्या पायऱ्या मूळच्याच असल्याची शिल्पकारानं ठशांवरून खात्री करून घेतली आहे. जुने नकाशे सापडत नव्हते म्हणे. मापं काय ती तिच्याचकडे. चारच्या आत सही हवी होती, आणि साहेब इतकं गोड बोलत होता की भुकटीनं आधी ठसा लावून बघायचं ठरवलं.

टांगण्यासाठी सगळे ठसे पेट्यांत भरून जिन्यापाशी आणलेलेच होते. तिनं नवव्या पायरीचा ठसा पेटीतून काढला, त्याच्या पोटाला कोरडा गेरू चोळला आणि खळग्यात ठेवला. खरी पायरी असती तर ठसा ताटलीत ताटली बसावी तसा बसला असता आणि दगड सगळा लाल झाला असता. ठसा डुगडुगला.

"मॅडम, गोदामात पडून पडून दगडानं बाळसं धरलं असेल," जिना बसवणारा मुकादम म्हणाला आणि एकटाच हसला.

उचलून पाहिलं तर दगडावर फक्त बटणाएवढा लाल डाग. तिनं तिसरी पायरी पाहिली, चौदावी पाहिली. तेच. तिच्या मनात आलं, प्लॅस्टर फुगलं असेल. तिला ते मनापासून हवं होतं. पण प्लॅस्टर फुगून फुगणार केसभर, इथं कडेला अख्खं बोट आत जात होतं. मग तिनं खालपासून वरपर्यंत नजर टाकली. सगळे खळगे एकाच खोलीचे, पायरीच्या बरोब्बर मध्यावर, यंत्रानं घासलेले. एवढ्या उभ्या जिन्यावर मधून कोण चढतं? सगळं गाव कठडा धरून चढायचं.

खाली खुर्चीवर बसलेली आई उठली. पहिल्या पायरीवर तिनं काठी टेकली, टोक घसरलं. पुन्हा टेकली, पुन्हा घसरलं.

"ही मला ओळखत नाही गं," ती हळूच म्हणाली.

साहेबाचा गोडवा तिथं संपला. जुन्या वस्तूंचं असंच असतं, थोडं इकडं तिकडं होतं, असं त्यानं आधी सांगून पाहिलं. मग सांगितलं की ठसे सरकारी जिन्याचे, परवानगी सशर्त होती, सही नसेल तर ते जमा करावे लागतील.

"कुठे?"

"गोदामात."

"त्याच गोदामात?"

साहेबानं मुकादमाला हातानं खूण केली.

भुकटीनं पेट्यांकडे पाहिलं. ठसे गेले तर तो जिना कधीकाळी होता याचा पुरावा उरणार नाही. सही केली तर हेच ठसे उद्या खोट्या पायऱ्यांवर लटकून त्यांच्या बाजूनं साक्ष देणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि चाराला वीस मिनिटं. तोवर मुकादमानं हातगाडी मागवली होती, दोन हमाल पेट्यांकडे निघाले होते.

आई लंगडत गेली आणि नवव्या पायरीच्या पेटीवर बसली. काठी मांडीवर आडवी ठेवली.

"उचला ना," ती म्हणाली. "पण माझ्यासकट उचला."

हमालांनी हात मागे घेतले. हातगाडी तशीच उभी. साहेब खिशातला रुमाल काढून पायरीवरचा लाल डाग पुसायला वाकला. कोरडा गेरू तो, घासला तसा पसरला.

भुकटीनं कागद ओढून घेतला. घाईत अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं. सहीच्या जागी तिनं लिहिलं, या पायऱ्या त्या नव्हेत. मग कागद साहेबापुढे धरला आणि म्हणाली, पोच द्या, शिक्क्यासह. साहेब म्हणाला, वरून विचारावं लागेल. ती म्हणाली, विचारा, आणि आईशेजारच्या पेटीवर जाऊन बसली.

चार वाजून गेले. दोघी अजून पेट्यांवरच आहेत. तेव्हा वर जे कोणी बसला आहात त्यांनी ऐका. कागदावर त्या ओळीखाली तिनं आणखी एक ओळ लिहिली आहे आणि तिचं उत्तर तुम्हाला द्यायचं आहे, गोदामाला नाही: आमच्या सतरा पायऱ्या कुठे आहेत?