हमीदाची छाती

"आधी ह्यायले घ्या!" म्हणत कंपाउंडरनं सदाशिवरावांना हाताला धरून आत नेलं.

हमीदा बाहेर बाकावरच राहिली. बोरी अरबहून दारव्ह्याच्या दवाखान्यात दोघं एकाच जीपनं आली होती. सदाशिवराव छाती धरून, हमीदा खिडकीतून ओकत. तिचा जबडा दुखत होता, पाठ भरून आली होती, घामानं झंपर ओला झाला होता. पण हात छातीवर नव्हता. तेवढ्यानं तिचा आजार हलका ठरला.

आत सदाशिवरावांच्या छातीला रबरी कप चिकटले, मशीनमधून पट्टी निघाली, जिभेखाली गोळी गेली.

"हार्ट आहे. याच जीपनं यवतमाळला न्या. सिस्टर, तुम्ही सोबत बसा."

मग डॉक्टरनं हमीदाकडं पाहिलं. खुर्चीतूनच.

"काय काम करते?"

"पिंजारी हावो साहेब, गाद्या भरतो," तिचा नवरा रहमत म्हणाला. "रुई बसली तिच्या छातीत. गूळ देल्ला, पन उतरून नाही राह्यली."

पिंजाऱ्याच्या घरात छातीचं काहीही झालं की दोष उडत्या कापसाचा, रुईचा, अन् उपाय गुळाचा. डॉक्टरलाही ते सोयीचं पडलं.

"रुई, अन् वरून टेन्शन. कापसाचे भाव पडल्यापासून बायकांचं हेच चालू आहे. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देतो."

पडलेल्या भावानं पुरुषाला हार्ट होतो, बाईला टेन्शन. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, ते त्यालाच ठाऊक.

हमीदाची लेक नसरीन पुढं झाली. "साहेब, अम्मीले बी ते मशीन लावा ना."

"सिस्टर जीपमध्ये बसली. हा लावेल. चालेल?" डॉक्टरनं कंपाउंडरकडं बोट केलं.

हमीदानं ओढणी गच्च धरली.

"अब्बा, बोला ना!"

"पराया मरद हाय बेटी. लोक काय म्हनतीन?"

"लोक मयतीले येतीन, अब्बा! साहेब, मंग जीपमधी तरी घ्या तिले. मांगची सीट रिकामी हाय."

"हार्टच्या पेशंटची गाडी आहे ती. इथं तमाशा नको."

जीप धूळ उडवत गेली.

"चाल बेटी," हमीदा म्हणाली. "बरं वाटून राह्यलं मले."

साफ खोटं. दुखणं दाबून बरं म्हणायला तिला लहानपणीच शिकवलं होतं.

पहाटे फजरची अजान व्हायच्या आत तिनं घरीच जीव सोडला. सदाशिवराव तेव्हा यवतमाळच्या खाटेवर बसून चहा मागत होते. गावानं याला नशीब म्हटलं. कसलं नशीब? एकाला तपासलं, एकीला हाकललं.

सकाळी अंगणात आडोसा करून बायकांनी तिचं गुसल, शेवटची आंघोळ, सुरू केलं. नसरीनची मावशी नाजियाखाला चादरीखालून हात फिरवत होती, नसरीन पाणी ओतत होती. वारा सुटला, तसा आडोशाचा पडदा उडू लागला. बाहेर रहमत पाठ फिरवून उभा होता. दोन्ही हात मागं नेऊन त्यानं पडद्याच्या कडा घट्ट धरून ठेवल्या होत्या, कुण्या मरदाची नजर आत जाऊ नये म्हणून.