कापायच्या टेबलावरची सावली

दोघी जावा एकाच खोलीत शिलाई करायच्या. थोरली कापायची, धाकटी मशीनवर बसायची. थोरलीच्या जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार, आणि धाकटी आपली दिवसभर गुणगुणायची. नवरे गेले, पोरं पांगली, पण त्या खोलीतला संसार काही मोडला नाही.

मग रस्त्यासाठी खिडकीबाहेरचं झाड पाडलं. दुपारी त्याची सावली कापायच्या टेबलावर यायची, कापडावर डुलायची. "मेली खडूची रेघ दिसू देत नाही," म्हणून थोरली करवादायची. आता रेघ लख्ख दिसत होती आणि धाकटीचं गुणगुणणं बंद पडलं होतं.

एक दिवस धाकटी म्हणाली, "जाऊबाई, लेक बोलावतेय. रविवारी जाते म्हणते, कायमचीच. इथे हल्ली जीव रमत नाही."

"जा की! मी काय पदर धरून बसलेय?"

थोरली बोलून गेली खरी, पण रात्री भरल्या ताटावरून तशीच उठली. विनवणी करणं तिच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं. तिने भाचीला बोलावलं. भाची लोकांच्या खोल्या सजवून द्यायची.

"आत्या, हिरवं डोळ्यांसमोर असलं ना, की थकलेलं मन ताजं होतं."

भाचीने भिंतभर पानांचा कागद चिकटवला, कोपऱ्यात कुंड्या मांडल्या, वेताचा दिवा टांगला. खोली अशी सजली की गिऱ्हाईक चप्पल बाहेर काढू लागलं.

"छान झालंय हो," धाकटी म्हणाली, आणि बॅग भरायला गेली.

"थोडा धीर धर गं आत्या."

"कशाचा धीर? रविवार तोंडावर आलाय, आणि तुझी पानं भिंतीवर पाल बसावी तशी बसलीत. हलत का नाहीत?"

भाची हसली. थोरली नाही हसली. आपल्याला काय हवं होतं ते तिला बोलल्यावरच कळलं.

भाची गेल्यावर तिने चिंध्यांचं बोचकं सोडलं. उभ्या जन्मात मापाशिवाय कात्री चालवली नव्हती, ती आज चालवली. हिरव्या अस्तराची पानं कापली, दोऱ्यात ओवली आणि खिडकीत बांधली.

शनिवारी दुपारी धाकटी राहिलेली बटणं लावायला आली. वारा आला. टेबलावर सावली डुलली. धाकटीची सुई जागच्या जागी थांबली.

"हा काय पोरखेळ?"

"चिंध्या वाया जात होत्या."

वारा पडला. नको तेव्हा कापड उडवणारा मेला, आता दडी मारून बसला. दोघी खिडकीकडे बघत राहिल्या.

"उद्या त्यात थोडी पिवळी लावा," धाकटी हळूच म्हणाली. "झाडाला एखादं पिकलं पान असतंच."

उद्या रविवार होता. थोरलीच्या जिभेवर आलेला टोमणा तिने गिळला आणि पिवळं अस्तर शोधायला बोचक्यात हात घातला. मागे मशीन सुरू झालं. गुणगुणणं अजून नव्हतं. कान मात्र तिने तिकडेच लावून ठेवले.