तणसातली उपासकरीण

गिरजाबाईंचा नेम असा, की बेलाला पाणी आणि देवापुढं दिवा झाल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. सोमवारी तर दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. अकरा वर्षांत या मौनात खंड पडला नव्हता. आठवड्यातून हा एक दिवस आपण घरचे मालक असतो, असं त्यांचे यजमान भैयाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

सिंदेवाहीपासून आठ-दहा किलोमीटरवर, जंगलाला पाठ टेकून बसलेलं त्यांचं गाव. घरामागं वाडी, वाडीत गाईंचा कोठा आणि बोरीच्या सावलीत धानाच्या तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, मोठा ढीग. वैशाखातल्या एका गुरुवारी सकाळी गाईंना टाकायला तणस ओढावं म्हणून गिरजाबाईंनी ढिगाच्या खालच्या पोकळीत हात घातला आणि तो तसाच थांबला.

आत अजगर होता. पाचोळ्याच्या रंगाचे ठिपके, मांडीएवढी जाड वेटोळी, आणि सगळ्यांत वर ठेवलेलं डोकं. वेटोळ्यांच्या फटीतून पांढरी अंडी दिसत होती, बदकाच्या अंड्याहून मोठी. गिरजाबाई ओरडल्या नाहीत. हात जोडून, तोंड न फिरवता, एकेक पाऊल मागं घेत त्या कोठ्यापर्यंत आल्या आणि मग भैयाजींना हाक मारली.

भैयाजींनी वनखात्यात फोन लावला. दुसऱ्या दिवशी वनरक्षक करिष्मा आत्राम मोटारसायकलवर आली. वीस-बावीस वर्षांची मुलगी. तिनं लांबूनच वाकून पाहिलं आणि हातातलं पोतं गुंडाळून ठेवलं. नुसता साप असता तर पोत्यात घालून जंगलात सोडला असता, ती म्हणाली, पण ही आई आहे. अंडी घातल्यापासून ती त्यांच्याभोवती अशीच बसून असते, अंडी फुटेपर्यंत, दोन महिने. तेवढ्या काळात शिकार करत नाही, खात नाही. पहाटे गारवा पडला की उचकी लागल्यासारखं अंग झटकत राहते, त्यातून ऊब तयार होते आणि ती अंड्यांना मिळते. साप असून अंडी उबवणाऱ्या जाती फार थोड्या. इथून हलवली तर ती अंड्यांवर परत बसेलच असं नाही. अंडी घालून महिना तरी झाला असावा, तेव्हा अजून महिनाभर वाडीकडं कोणी फिरकू नये, ढिगाला हात लावू नये. आणि पूजाबिजा तर अजिबात नको, हे तिनं गिरजाबाईंच्या कपाळावरच्या भस्माकडं बघत वेगळं सांगितलं.

भैयाजींनी भावाकडून गाईंपुरतं तणस आणायचं कबूल केलं. गिरजाबाईंनीही मान हलवली.

पण रात्रभर त्यांच्या डोक्यातून ते जाईना. आपण एक एकादशी धरतो, तर दुपारी चार वेळा घड्याळाकडं बघतो. आणि हा मुका जीव दोन महिने अन्नाशिवाय, तेही कोणाला न सांगता. एवढ्या तपाला साधं कुंकूही लागू नये? शनिवारी सकाळी ताटात हळद-कुंकू, वाटीभर दूध आणि कापराची वडी घेऊन त्या गेल्याच. चार हात अंतरावर बसून कापूर लावला. आतून फुस्स असा मोठा आवाज आला. तो आशीर्वाद असावा असं त्यांना वाटलं.

दूध मांजरीनं प्यायलं. ताट मात्र कुंपणापलीकडून भागीरथानं पाहिलं.

भागीरथा शेजारीण, पंचवीस वर्षांची मैत्रीण. तिच्या सुनेला, पुनमला, चार वर्षांत मूल नव्हतं. नागपूरचे डॉक्टर झाले, नवस झाले. अंड्यांवर बसलेली अजगरीण शेजारच्या वाडीत यावी, याचा भागीरथानं लावायचा तोच अर्थ लावला. रविवारी दुपारपर्यंत वीसेक बाया जमल्या. नारळ फुटले, कोणी उदबत्त्या थेट तणसात खोचल्या. भैयाजी बातमी कळताच धावत आले आणि एकेक उदबत्ती उपटून मातीत विझवू लागले. गिरजाबाई ओसरीवरून बघत राहिल्या. आरतीचं ताट घेऊन आलेल्या बाईला नको म्हणायचं कसं, तेही आपणच सुरुवात केल्यावर? संध्याकाळी गर्दी पांगली तेव्हा वेटोळी सैल झाली होती आणि डोकं बाहेरच्या बाजूला वळलं होतं.

सोमवारी सकाळी अंडी एकटीच होती.

धुळीत एक रुंद सरळ रेघ कुंपणाखालून नाल्याकडं गेली होती. भैयाजींनी फोनवर करिष्माला विचारलं आणि मोठ्यानं गिरजाबाईंना सांगितलं. कधीकधी ती पाणी प्यायला जाते आणि येते. फार छळ झाला असेल तर येत नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघा, कोणाला जवळ जाऊ देऊ नका. आईवाचून त्यातलं एखादं वाचलं तर वाचलं.

गिरजाबाईंनी वाडीच्या फाटकात पाट टाकला आणि बसल्या. सोमवार होता.

नऊच्या सुमारास भागीरथा आली. मागं पुनम, तिच्यामागं आणखी तिघीजणी, हातांत ताटं. गिरजाबाईंनी हात वर करून थांबायची खूण केली. भागीरथाला वाटलं, चपला काढायला सांगते आहे. तिनं चपला काढल्या, बायांनाही काढायला लावल्या आणि फाटकाला हात घातला. गिरजाबाईंनी मान जोरजोरात हलवली. भागीरथा समजुतीनं म्हणाली, "हो व माय, डोकं झाकतो." आणि सगळ्यांनी पदर घेतले.

गिरजाबाईंनी डोळे मिटले, उघडले.

"भागीरथा, आत जाऊ नको."

पाचही जणी जागच्या जागी थांबल्या. अकरा वर्षांत सोमवारी दिवसाउजेडी हा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"बाई, तुहं मौन..." भागीरथा म्हणाली.

"मोडलं. चूक माही हाय, तर मीच बोललं पाह्यजे. करिष्मा नाई म्हणून गेली होती. मी तरी कापूर जाळला. तिनं फुस्स केलं ते आशीर्वाद नोहता, ते भेली होती. आता अंडे टाकून गेली हाय. आपण असेच येत राह्यलो तर ते परत येनार नाई."

भागीरथाचं तोंड एवढंसं झालं. मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल असं ती बोलली, "तुह्या पोटी दोन लेकरं हायेत, गिरजा. तुले सोपं हाय सांगनं."

गिरजाबाई पाटावरून उठल्या. त्या फाटकाची कडी धरून उभ्या राहिल्या, एवढंच. भागीरथानं ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

मागून पुनम बोलली. या पोरीचा आवाज एरवी नळावरसुद्धा ऐकू येत नसे. "आत्या, माह्यासाठी तिचे अंडे काऊन खराब कराचे? मले नाई पाह्यजे तसं."

भागीरथानं सुनेकडं बघितलं. मग वळली आणि अनवाणीच तापलेल्या वाटेनं चालू लागली. पुनमनं सासूच्या चपला उचलल्या आणि लगबगीनं तिच्यामागं गेली.

ऊन चढत गेलं. भैयाजींनी दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा नुसता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मौन मोडलं त्याचं गिरजाबाईंना वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त त्या कापराच्या वडीचं. देवाला काय मागावं हेही त्यांना सुचेना. बोरीची सावली पाटापासून सरकून कोठ्याच्या भिंतीवर गेली.

अडीच-तीनला कुंपणाखालचा पाचोळा वाजला. आधी जीभ, मग डोकं, मग ओल्या चिखलानं माखलेलं लांबच लांब अंग. मध्येच ती थांबली, किती वेळ ते सांगता येणार नाही. गिरजाबाईंच्या हातांना जोडायची सवय होती, ते त्यांनी मांडीवर दाबून धरले, हालचाल नको. अजगरीण पुढं सरकली, तणसात शिरली, अंड्यांभोवती एक वळसा घातला, दुसरा घातला आणि डोकं वर ठेवलं.

पुढचा महिना वाडीत कोणी पाऊल ठेवलं नाही. राखण भागीरथाची. तिसऱ्या दिवसापासून ती दुपारी सूप घेऊन आपल्या कुंपणाशी बसायची आणि कोणी नारळ घेऊन आलं की असं काही बोलायची की ते माणूस परत येत नसे. गिरजाबाईंशी पहिला शब्द बोलायला तिनं आठ दिवस घेतले, आणि तोही मिठाबद्दल होता.

ज्येष्ठात एका सकाळी अंड्यांवर चिरा दिसल्या. चिरेतून बोटाएवढी डोकी बाहेर आली आणि तशीच थांबली, उंबऱ्यात उभं राहून गाव बघावं तशी. करिष्मा येऊन मोजून गेली. एकोणीसपैकी चौदा. बाकी पाच तशीच राहिली. त्या सोमवारामुळे का, असं गिरजाबाईंनी विचारलं. काही अंडी नेहमीच राहतात, करिष्मा म्हणाली. ती खरं सांगत होती की मन राखत होती, ते गिरजाबाईंना कधीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई गेलेली होती. पिल्लं एकेक करून टरफलातून बाहेर पडत होती, हातभर लांब, नव्या कोऱ्या नक्षीची. पुनम गिरजाबाईंच्या शेजारी फाटकाशी उभी होती. भागीरथा कुंपणापलीकडून सूप थांबवून बघत होती.

"मोठीबाई," पुनमनं विचारलं, "याह्यची माय आता कुठी गेली?"

एक पिल्लू बांबूच्या फटीतून नाल्याच्या बाजूला उतरलं. गिरजाबाईंनी ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

"जेवाले गेली असन," त्या म्हणाल्या.