जुन्या गाडीचं ऑईल

गाडीच्या गिअरबॉक्समधलं ऑईल बदलावं की नाही, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा झाली नव्हती. लग्न एका बैठकीत ठरलं. ऑईल काही केल्या ठरेना.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. तीन लाख किलोमीटर पळालेली, पुण्याच्या कुणा हौशी माणसाने वापरून सोडलेली. ती ऑटोमॅटिक आहे. तिला क्लच नाही, गिअर आपले आपणच पडतात. सुरुवातीला आमच्या हट्टा गावातली माणसं तिला बघायला यायची आणि 'ही तर बायांची गाडी' म्हणून हसायची. हसेनात का! माझ्या नवऱ्याचा, रत्नपालचा, डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, हळदीच्या पोत्यांची थप्पी अंगावर आली, तेव्हापासून तो सरळच राहिला. त्या पायाने क्लच दाबणार कसा? ही गाडी मिळाली म्हणून तो पुन्हा ड्रायव्हर झाला आणि गावोगावची हळद मोंढ्यात नेऊ लागला.

त्याआधी तो घरात बसून होता. ते दिवस मला पुन्हा नकोत, सरळ सांगते. खाटेवर पडून तो दिवसभर पत्र्याकडे बघायचा. आमच्या दारातच माझं कांडप आहे, हळद-मिरची दळायला बाया येतात. त्यांच्यासमोर यायचीही त्याला लाज वाटायची. भाजीत मीठ नसलं तरी हूं की चूं करायचा नाही. जो माणूस भाजीवरून भांडायचं सोडतो, त्याची मला फार भीती वाटते.

म्हणून ऐन हळदीच्या हंगामात गाडीने नखरे सुरू केले तेव्हा मला आधी ती खाट आठवली. सकाळी गिअर टाकला की ती जरा वेळ जागची हलायची नाही, आणि मग एकदम धक्का देऊन निघायची. आधी रत्नपाल म्हणाला, थंडीमुळं असेल. एप्रिलात कसली आलीय थंडी?

मुन्ना मेस्त्रीला बोलावलं. त्याने गाडी गल्लीत दोनदा पुढे-मागे केली आणि हात झटकले.

"ऑईल कदी बदललं व्हतं?"

"आमी घेतल्यापासून तर न्हाई," रत्नपाल म्हणाला. "त्याच्या आदीचं म्हायती न्हाई."

"मंग आता हात नका लावू, भाऊ. जुनं ऑईल घट्ट झालेलं असतंय. आतल्या घासलेल्या चकत्या त्याच्यावरच तग धरून ऱ्हातेत. नवं पातळ ऑईल टाकलं की चकत्या घसरल्या म्हनून समजा. भाभी, मी क्लचवाल्या गाड्यांचा मानूस, खोटं कशाला बोलू? पर अशा गाड्या उभ्या पडलेल्या ऐकल्यात मी."

सासूबाईंना, म्हणजे सोजराबाईंना, कुणी विचारलं नव्हतं. तरी त्या ओसरीवरून म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. चालून राहिली तवर चालू द्या."

माझा धाकटा दीर सुरज पुण्यात गॅरेजमध्ये आहे. त्याच्याकडे रोज ऑटोमॅटिक गाड्याच येतात. त्याला फोन लावला तर तो उलटंच बोलायला लागला.

"वैनी, न बदलता तरी किती दिवस चालंल? पर बदलायच्या आदी एक काम करा. गाडी गरम करा, चालूच ठिवा. गिअरबॉक्सची ऑईल बघायची पट्टी काढा, फडक्यावर पुसा, परत आत घालून काढा. ऑईल बोटात चोळून बघा. नुसतं मळकं असंल तर बिनधास्त बदला. जेवढं खालून गळंल तेवढंच नवं भरा, प्रेशरनं धुवायच्या भानगडीत पडू नका. पर बोटाला लोखंडाचे कन लागले तर ऑईल बदलून उपेग न्हाई. मंग गिअरबॉक्स आतून झिजत चाललाय."

रत्नपालने इंजिन चालू करून गरम केलं, पट्टी काढली आणि मला म्हणाला, "फडकं दे." मी कांडपाजवळच्या खिळ्यावरचं फडकं ओढून दिलं. त्याने पट्टी पुसली, आत घातली, काढली, परत त्याच फडक्यावर टेकवली. डाग काळसर पडला आणि डागात बारीक काळे कण. त्याने बोटात चोळलं. मग माझ्या बोटावर लावलं. खरखर लागत होतं. रव्यासारखं.

फोटो काढून पाठवला. सुरजचा फोन आला, पण तो नेहमीसारखा 'वैनी, वैनी' करेना. "दादाला द्या," म्हणाला. रत्नपालने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हनला?" मी विचारलं.

"काय म्हननार? झिजला गिअरबॉक्स."

दुसरा टाकायचा तर आमच्या आवाक्यातला नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. रत्नपालने गाडीचं दार लावलं. मग त्याने शिरड शहापूरच्या किसनरावांना फोन लावला. त्यांना मळ्यात फिरवायला अशी गाडी हवी होती आणि ते किती दिवसांपासून मागे लागले होते.

"उद्या या," रत्नपाल म्हणाला. "पर गिअरबॉक्स खराब झालाय, ते आदीच सांगतो. बघून मंग बोला."

"अवो, एवढी काहून घाई करून राहिलात?" मी ओरडलेच.

"चालू हाय तवर कुनी घेईल तरी. बंद पडल्यावर भंगारवाला घेईल."

मला एवढा राग आला की त्या दिवशीच्या वांग्याच्या भाजीत मी मीठच घातलं नाही. मुद्दाम. बोलू दे, ताट सरकवू दे, काहीतरी करू दे. त्याने खाली मान घालून दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतले आणि खाटेवर आडवा झाला. मी चुलीपुढे बसून रडले, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

सकाळी धुणं घेऊन बसले. तेलकट फडकंही त्यात होतं. सगळा राग त्या फडक्यावर काढायचा म्हणून मी साबणाची वडी घेऊन ते दगडावर असं काही घासलं की बस्स! फेस आधी काळा आला. पाणी ओतलं, पुन्हा साबण लावला. आणि बघते तर फडकं लालबुंद.

आता हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. त्यात नवल नव्हतं. फडकं कांडपावरचं, त्याला हळद असणारच. पण माझ्या तळहातावर चिकटलेले ते खरखरीत कण होते ना, कालचे, ऑईलने काळे दिसलेले, ज्यांनी माझं घर बुडवायला घेतलं होतं, तेही लाल झाले होते. मी एक कण नखाने दाबला. चिरडला! लोखंड कधी साबणाने लाल होतं का? नखाखाली चिरडतं का?

मी तशीच ओल्या हाताने पळाले.

"अवो, उठा! लोखंड न्हाई ते! हळद हाय हळद, आपल्या कांडपातली!"

रत्नपाल उठून बसला. मी हात त्याच्या नाकापुढे धरला. त्याने हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं, बायकोचं डोकं फिरलं. मग त्याने स्वतः एक कण चिरडून पाहिला. दुसरा चिरडला. तिसरा चिरडून त्याने तो हुंगला.

"ते फडकं कुनी दिलं व्हतं?" त्याने विचारलं.

"मीच दिलं, आन् मीच शानी! नंतर काय बोलायचं ते बोला. आदी गाडी चालू करा."

घरात हळद न लागलेलं एकही फडकं सापडेना. कांडपवालीच्या घरात कुठून सापडणार? शेवटी सासूबाई आत गेल्या आणि बुद्धविहारात जाताना नेसायचं पांढरं लुगडं घेऊन आल्या. जुनं होतं, पण जपलेलं. त्यांनी स्वतःच त्याचा कोपरा दातात धरून फाडला.

"घ्या. आन् गाडीला हळद लावली म्हनं तुमी," त्या मला म्हणाल्या. "आता मांडव कदी घालायचा?"

गाडी गरम केली, पट्टी काढली, पांढऱ्यावर टेकवली. डाग चहाच्या रंगाचा. रत्नपालने बोटात चोळला, मी चोळला, सासूबाईंनीही चोळला. मऊ. एकही कण नाही. मी वास घेतला, जळकाही नव्हता. सुरजला नवा फोटो पाठवला आणि सगळी हकिगत सांगितली, तर तो फोनवर हसता हसता खोकायला लागला.

"वैनी, तीच पट्टी पुसून परत आत घातली ना? मंग थोडी हळद आत बी गेली असंल. आता तर बदलावंच लागंल. झाला ना निकाल!"

अशा तऱ्हेने ऑईल बदलायचं ठरलं. एवढे शहाणे बोलले आणि निकाल लावला हळदीने.

तेवढ्यात किसनराव आले. रत्नपालने त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाला, "मालक, गाडी इकायची न्हाई."

"मंग मला काहून बोलावलं सकाळी सकाळी?"

"चहा घ्या," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांनी चहा घेतला, तोंड वाकडं करूनच घेतला, आणि जाताना म्हणाले, "बिघडली की आदी मला सांगा." त्या दिवशी मला त्यांचाही राग आला नाही.

मुन्नाने गाडीखाली शिरण्याआधी दोनदा बजावलं, "मी न्हाई म्हनलो व्हतो हां, भाऊ." जुनं ऑईल गळालं, त्याने ते मोजलं आणि सुरजने सांगितलेलं नवं ऑईल बरोबर तेवढंच भरलं. लाल, स्वच्छ. मग म्हणाला, "रिकामी फिरवून समजायचं न्हाई. पोते टाका आन् चढावर न्या. घसरायची असंल तर तिथंच घसरंल."

मुन्ना खरा ठरला तर? हळदीने वाचवलं आणि ऑईलने घालवलं, असं झालं तर? आम्ही हळदीची पोती भरली आणि मी कांडप बंद करून रत्नपालशेजारी जाऊन बसले. त्याने गिअर टाकला. गाडी लगेच निघाली. धक्का नाही, थांबणं नाही.

कालव्याच्या पुलाचा चढ आला. आवाज जरा वाढला, खालचा गिअर पडल्याचं मला सीटमध्ये जाणवलं आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आम्ही पुलावर होतो, भरलेल्या पोत्यांसकट, आणि पुढे वसमतचा रस्ता सरळ पडला होता.

रत्नपालने गाडी कडेला घेतली. उतरला, पाय ओढत पुढे गेला आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून रडायला लागला. पाय गेला तेव्हा हा माणूस रडला नव्हता. दवाखान्यात नाही, खाटेवर नाही. मी खाली उतरले, पण त्याच्याजवळ गेले नाही. रडू दिलं.

मागून ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने वेग कमी केला आणि ओरडला, "भाऊ, गाडी बंद पडली का? टोचन लावू का?"

रत्नपालने बाहीने तोंड पुसलं.

"न्हाई दादा," तो म्हणाला. "चालू हाय. एकदम बराबर चालू हाय."