लंगडं इंजिन सरळ केलं त्याची गोष्ट

फत्तेसिंगांच्या मोटारीचं इंजिन लंगडायचं, आणि अख्खं धार शहर त्याला हसायचं. एरवी चार सिलिंडरांच्या इंजिनात दोन पिस्टन वर गेले की दोन खाली असतात, म्हणून ठोके सारखे पडतात. या जुन्या विलायती इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो दांडा, मात्र कुणा चक्रम साहेबानं असा घडवला होता, की चार पिस्टन चार ठिकाणी. एक ठोका, मग लांबलचक दम, मग बाकीचे घाईघाईत उरकलेले. पोरं मागून ओरडायची, "भिया, गाडी को डॉक्टर को दिखाओ!"

वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती बाहेर निघे. तलवारींबरोबर तिचीही पूजा होई, आणि फत्तेसिंग तिच्यातून शिलंगणाला जात. त्यांच्या आई इंदिराबाई हल्ली कुणालाच ओळखत नसत. पोटच्या पोरालाही "आपण कोण?" विचारत. पण दसऱ्याला गाडी परतली, की निरांजन घेऊन दारात उभ्या! ओवाळताना म्हणत, "फत्तू, दमलास रे." त्या एका हाकेवर फत्तेसिंग वर्ष काढत. सणाचाच हा प्रताप, असं त्यांना वाटे.

यंदा क्रँकशाफ्ट पार झिजला. देवासला मोरोपंतांच्या लेथवर त्यांनी सगळं इंजिनच नेलं.

"जुन्यासारखाच बनवू ना, भिया?" मोरोपंतांनी विचारलं.

"छे! हे लंगडणं काढाच एकदाचं. लागेल ते बदला."

"आणि जुना माल?"

"भंगारात घाला. ठेवून काय करायचंय?"

बुद्धी फिरायची तर अशी फिरते.

दसऱ्याला इंजिन शिवणयंत्रासारखं चाललं. चौकात कुणी हसलं नाही. फत्तेसिंग मान ताठ करून घरी आले, तर दारात कुणीच नाही. आत सूनबाई वैभवी तबक घेऊन उभी होती, आणि इंदिराबाई खुर्चीतून हलत नव्हत्या. फत्तेसिंगांनी हॉर्न वाजवला, इंजिन पुन्हापुन्हा चालू केलं. काही नाही.

वैभवी बाहेर आली. "मामंजी, त्या सणाला नव्हत्या उठत. त्या आवाजाला उठायच्या."

फत्तेसिंगांनी इंजिन बंद केलं. तिथूनच त्यांनी देवासला फोन लावला.

"जुना शाफ्ट तर केव्हाच वितळला, भिया," मोरोपंत म्हणाले. "भट्टीवाला घेऊन गेला ना. तुम्हीच म्हणाले होते."

"मग तसाच दुसरा करा."

"कशावरून करू? त्याचं नाप कुठे घेतलं आपण? सीधाच बनवायचा होता ना."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. हसण्यासारखं होतं, पण फत्तेसिंगांना रडूही येईना. ते आत गेले, आईच्या पायांशी बसले आणि तिचे हात घट्ट धरले.

"आईसाहेब, मी आलो. मी फत्तू."

इंदिराबाईंनी हात हळूच सोडवून घेतले आणि परक्या माणसासमोर सावरतात तसा डोक्यावरचा पदर सावरला.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "फत्तू शिलंगणाला गेलाय. गाडी ऐकू आली, की मी उठतेच."